मिलच्या गेटातून रॉकच्या कार्यक्रमाला

शनिवार, ८ डिसेंबर २००७, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. महूच्या आमच्या कंपोझिंगच्या दुकानात मी एका यादीचं शेवटचं प्रूफ वाचत होतो. यादीत त्रेचाळीस नावं होती. इंदूरच्या ज्या मिलमध्ये माझे बाबा एकोणीस वर्षं कामाला होते, तिथले हे कामगार. मिल बंद झाली, थकलेला पैसा मिळाला नाही आणि वाट बघता बघता ही माणसं गेली. नाव, खातं, टोकन नंबर असे तीन रकाने. माझ्या शर्टाच्या खिशात त्याच संध्याकाळचं एका कॉन्सर्टचं तिकीट होतं, आणि कॉन्सर्ट त्याच मिलच्या मैदानात होती.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, मी मजेत गेलो होतो.

मिल बंद झाली तेव्हा मी दहावीत होतो. दहावी झाली, अकरावीची फी भरली नाही आणि दुकानात बसायला लागलो. लग्नपत्रिका, बिलबुकं, परचे म्हणजे पत्रकं, सगळं करतो. चूक राहू देत नाही, म्हणून कामगार समितीचे परचेही माझ्याकडेच येतात, फुकट. गुरुवारी त्यांचा परचा मीच छापला होता: मजुरांचा पैसा बाकी असताना मैदान भाड्याने देऊन नाचगाणं कसलं, शनिवारी सात वाजता मेन गेटवर हजर राहा. 

आता बँडबद्दल. 'नाइन हिल पायपर्स' हे शिलाँगचे पाच जण. गिटार आणि ड्रम तर आहेतच, पण त्यासोबत फिडल, बासरीसारखी पत्र्याची शिट्टी आणि मशकबीन, म्हणजे बॅगपाइप. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या चाली ते रॉकमध्ये वाजवतात. दोन वर्षांपूर्वी माझा मित्र नितीनने त्यांची सीडी दिली. महूत मशकबीन नवी नाही, पलटणीच्या परेडला लहानपणापासून ऐकतोय. पण तिच्याखाली कुणी इलेक्ट्रिक गिटार लावली की छातीत काय होतं, ते पहिल्यांदा कळलं. सीडी एवढी घासली की शेवटचं गाणं अडकायला लागलं. ते इंदूरला येणार कळलं तेव्हा दुकानाच्या सेठकडून शंभर रुपये उचल घेतली आणि दोनशेचं तिकीट काढलं. मैदान कुठलं, ते तिकीट हातात आल्यावर वाचलं.

अडीचला बाबा यादी न्यायला आले. कॉन्सर्टची वेळ त्यांना माहीत होती, माझ्या तिकिटाचं माहीत नव्हतं.

"तू येतोस का गेटवर?" त्यांनी विचारलं.

"नितीनकडे जायचंय, सुदामा नगरला. त्याचा कॉम्प्युटर बिघडलाय."

"बरं," म्हणाले आणि यादी दुमडून पिशवीत ठेवली. खोटं बोलायची मला सवय नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

माझा हिशेब असा होता. समितीची बैठक आधी दुसरीकडे आहे, गेटवर सगळे सातला येणार. मैदान साडेपाचला उघडणार. मी साडेसहाच्या आत आत शिरलो की कुणाला दिसणार नाही.

महूहून इंदूरला जायला दोन मार्ग. बस बारा रुपये, थेट सरवटे स्टँडला सोडते. छोट्या लाइनीची पॅसेंजर पाच रुपये, पण राऊला क्रॉसिंगसाठी किती थांबेल याचा नेम नाही. मी सात रुपये वाचवले आणि राऊला पस्तीस मिनिटं बसून राहिलो. खिडकीबाहेर एक माणूस शांतपणे पेरू विकत होता. मी तिकीट तीनदा काढून पाहिलं. ज्यांना वेळेवर पोचायचंय त्यांनी बसने जावं.

इंदूर स्टेशनबाहेर पोहे खाल्ले. भूक नव्हती, पण रिकाम्या पोटी भीती वाढते असा माझा अनुभव आहे. वर जिरावण मसाला जास्त मागून घ्या, देतात. नितीन मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याचे आजोबा होळकरांच्या कचेरीत होते, वडील बँकेत, आणि त्याला कशाचीच भीती वाटत नाही.

"काय रे, तुझं तोंड असं का? परीक्षेला चाललायस की शोला?"

"गेटवर कोण कोण आहे, बघून आलास?"

"अरे भिया, मी काय जासूस आहे का? बस ना मागे."

सहा पंचवीसला आम्ही मिलशी पोचलो आणि माझा सगळा हिशेब तिथेच चुकला. तीसेक म्हातारे गेटच्या दोन्ही बाजूंना बसले होते, कित्येकांच्या अंगात जुने खाकी शर्ट. सातची वेळ मीच छापली होती. पण मिलचा माणूस पाळीच्या अर्धा तास आधी टोकन घ्यायला गेटवर असतो. सहा वर्षं पाळी नाही, तरी असतो. माझं सगळं लहानपण बाबांना घरातून लवकर निघताना पाहण्यात गेलं आणि नेमकी हीच गोष्ट मी विसरलो.

घोषणा नव्हत्या. रस्ताही अडवला नव्हता. रांगेतला प्रत्येक जण गेटाशी आला की त्याला थांबवून यादीतलं एक नाव वाचून दाखवायचे आणि मग जाऊ द्यायचे, एवढंच. एका बाजूला रामेश्वर काका वाचत होते, विव्हिंग खात्यातले, समितीचे जुने माणूस. दुसऱ्या बाजूला बाबा.

माझ्यापुढे कॉलेजची चार पोरं होती. एकाने काकांना विचारलं, "काका, लकी ड्रॉ है क्या?"

"हाँ बेटा. तेतालीस का नंबर लग गया. बाकी हम बैठे हैं."

पोरं हसली, मग हसणं मध्येच थांबलं. त्यातल्या एकाने नाव ऐकून उगाच नमस्कार केला.

मी नितीनला म्हटलं, "परत जाऊ."

"का?"

"डावीकडे बाबा आहेत."

नितीन म्हणाला, "काकांच्या बाजूला सरक." मी सरकलोही, पण तेवढ्यात एका पोलिसाने दोन्ही रांगा एक केल्या आणि काठीने डावीकडे वळवल्या. माझे तळवे एवढे घामेजले की तिकिटाची शाई बोटाला लागली.

बाबांनी चष्म्यावरून वर पाहिलं. मला पाहिलं, हातातलं तिकीट पाहिलं. यादीवर बोट ठेवून वाचलं, "इकतीस नंबर. गणपत सीताराम. रिंग फ्रेम खाता." टोकन नंबरही वाचला. तो मला पाठ होता, दुपारीच तपासला होता.

"सुन लिया? चलो, आगे."

घरात बाबा माझ्याशी कधी हिंदीत बोलत नाहीत. मी पाय उचलला तेव्हा हळूच मराठीत म्हणाले, "स्वेटर घाल."

आत गेल्यावर मी आधी बाहेर पडायच्या वाटा मोजल्या. एकच होती, आलो ती. स्टेज विव्हिंग शेडच्या भिंतीला लावलं होतं आणि चिमणीवर हिरवा उजेड सोडला होता. जमिनीवर नवा मुरूम होता, चालताना आवाज यायचा. नितीन पुढे गेला. मी भिंतीशी उभा राहिलो.

बँड सव्वासातला आला. फिडल वाजवणारी बाई माझ्या कल्पनेपेक्षा खूपच लहानखुरी निघाली. पहिली दोन गाणी जलद होती, ड्रमचा ठोका पायातून वर चढत होता, आजूबाजूची हजारभर माणसं उड्या मारत होती. मी दोन वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती, आणि प्रत्येक ठोक्याला मला वाटत होतं की बाहेर काठी पडली. ड्रम थांबला की कान गेटाकडे. टाळ्या सुरू झाल्या की वाटायचं, कुणीतरी ओरडतंय. तिसरं गाणं कुठलं होतं, आता आठवत नाही.

चौथ्याला बाकीचे थांबले आणि मशकवाल्याने एकट्याने एक संथ चाल धरली. सगळं मैदान गप्प झालं. त्या शांततेत गेटाकडून पोलिसांची शिट्टी आली. एकदा, मग लागोपाठ दोनदा.

मी माणसांमधून वाट काढत पळालो. मोठं गेट आतून बंद केलेलं होतं. कंपनीचा गार्ड म्हणाला, "शो खत्म होने तक नहीं खुलेगा, ऊपर से ऑर्डर है." गेटाच्या छोट्या दाराला हातभर फट होती. बाहेर निळी गाडी उभी होती. पोलीस म्हाताऱ्यांना एकेक करून चढवत होते. मारत नव्हते, "चलो दादा, आराम से" म्हणत होते. पण दंडाला धरूनच. बाबा पायरीवर होते. त्यांनी वळून गेटाकडे पाहिलं, सरळ त्या फटीकडे. मग मान फिरवली आणि आत चढले.

गार्डने विचारलं, "तेरा कोई है क्या उधर?"

"नहीं," मी म्हटलं.

विचार करून नाही म्हटलं. हो म्हटलं तर मलाही बाहेर काढून गाडीत घालतील, पोलिसात नाव लागेल, दुकान जाईल. एवढं सगळं एका श्वासात डोक्यात आलं आणि तोंडातून तो एक शब्द गेला. गाडी सुरू झाली. मागे मशक अजून वाजत होती.

पुढचा दीड तास मी गेटालाच टेकून उभा होतो. जे गाणं सीडीवर अडकायचं, ते मी पूर्ण असं तिथूनच ऐकलं. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो, मैदानात मागे आवाज जास्त साफ येतो. मला त्याचा उपयोग झाला नाही.

गेट उघडल्यावर नितीनला सांगितलं. त्याने काही न विचारता गाडी ठाण्याकडे वळवली. वाटेत म्हणाला, "सराफ्यात खायला जायचं ठरलं होतं आपलं." मग तोच म्हणाला, "जाऊ दे, कुठे पळतंय."

ठाण्याच्या ओसरीवर अकरा जण चहा पीत बसले होते. बाकीचे आधीच पांगले होते. रामेश्वर काका हवालदाराला सांगत होते, "साहब, चाय में शक्कर कम है, लिख लो शिकायत."

"इनके मुचलके की फोटोकॉपी कौन कराएगा?" हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. "तू कौन है?"

"बेटा हूँ. इनका." मी बाबांकडे बोट केलं. आवाज चिरका निघाला, पण निघाला. बाबांनी वर पाहिलं, मग पुन्हा कपात पाहिलं.

ठाण्यासमोरचं एसटीडी-झेरॉक्स उघडं होतं. अकरा प्रती, अकरा रुपये. प्रत्येक कागदावरचं नाव मी दोनदा वाचलं. एका कागदावर बापाच्या नावाच्या जागी खात्याचं नाव पडलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. साडेदहाला सगळ्यांना सोडलं.

नितीनने आम्हाला सरवटेला सोडलं. महूची शेवटची बस मिळाली, अर्धी रिकामी. बाबा खिडकीशी बसले. बस राऊला आली.

मग म्हणाले, "ते मशकवालं ठाण्यात ऐकू येत होतं. हवालदार म्हणाला, किसकी बारात है."

मी हसलो नाही. म्हटलं, "बाबा, मी गेटाच्या आत होतो. फटीतून बघत होतो."

"माहीत आहे. दिसलास. म्हणून तर मान फिरवली. म्हटलं, पोरगा हाक मारेल आणि ते यालाही उचलतील."

इथे गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण खोटं बोलून निघालो होतो, खोटं घेऊनच घरी शिरायचं माझ्याच्याने होईना.

"मी हाक मारणार नव्हतो. गार्डने विचारलं, तुझं कोणी आहे का बाहेर. मी नाही म्हटलं."

बाबा बाहेर बघू लागले. बाहेर तर काहीच दिसत नव्हतं, काचेत आम्ही दोघंच. मग म्हणाले, "ते मला माहीत नव्हतं."

एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आज तीन आठवडे झाले. बाबा दर रविवारी समितीच्या सभेला जातात. मागच्या रविवारी मी बरोबर गेलो, त्यांनी बोलावलं नव्हतं. रामेश्वर काका म्हणाले, "आओ कलाकार, शो देखने आए हो क्या?" सगळे हसले. बाबांनी सतरंजीवर थोडं सरकून जागा केली. बँड पुन्हा आला तर जाईन का, असं नितीन विचारतो. जाईन. पण आधी घरी सांगून, आणि गेटावर कोण बसलंय ते बघून. त्या रात्रीचं संगीत आठवून पाहतो तेव्हा सोबत तो 'नहीं'सुद्धा येतो. दोन्ही वेगळे करायचा प्रयत्न केला, होत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी खर्च लिहून ठेवतो. तिकीट २००. रेल्वे ५. पोहे आणि चहा ८. नितीनला पेट्रोलचे ३०. झेरॉक्स ११. एकूण २५४ रुपये. देणं: सेठची उचल १००, पगारातून कापली जाईल. परतीच्या बसची दोन्ही तिकिटं बाबांनी काढली होती. ते २४ रुपये मी दुसऱ्या दिवशी द्यायला गेलो, त्यांनी घेतले नाहीत. म्हणून तेही देण्यातच धरले आहेत.