स्पार्कसाहेबांची पांढऱ्या लेबलची तबकडी

गाणं चालू असताना स्पार्कसाहेब कधी बसायचे नाहीत. दुबईत, करामातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून बाल्कनीपर्यंत चालत राहायचे. हातात चहाचा कप असायचा आणि तो सांडायचा नाही. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. ती वैतागून म्हणायची, "अंकल, व्हाय डोन्ट यू सिट?" ते म्हणायचे, "बाळ, हे गाणंच उभं आहे. मी कसा बसू?"

ते गाणं जमैकाचं असायचं. त्या संगीताचं नाव रेगे, आणि रेगे म्हटलं की आमच्यापैकी बहुतेकांना आधी शिवाजी पार्कातलं एखादं कुटुंब आठवायचं. त्यापलीकडे माहिती होती ती एका जटावाल्या गायकाची, आणि तीही सत्वा भागातल्या दुकानांत त्याचा चेहरा छापलेले शर्ट टांगलेले असायचे म्हणून. तो चेहरा दिसला की स्पार्कसाहेब चिडायचे. "मोठा माणूस, वादच नाही. पण एकाच दुकानाची पाटी वाचून बाजार बघितला म्हणता तुम्ही. त्याच्या गल्लीत असे पन्नास होते."

त्या पन्नासांतल्या बऱ्याच जणांच्या तबकड्या त्यांच्याकडे होत्या. छोट्या, मधे रुपयाएवढं नव्हे तर चांगलं पेढ्याएवढं भोक असलेल्या. गायकांची खरी नावं ते क्वचित घ्यायचे. एक होता 'सुतार', कारण त्याचा आवाज रंधा मारल्यासारखा यायचा. एक 'मास्तर', जो प्रत्येक गाण्यात कुणाला तरी समज द्यायचा. तिघं मिळून बायकांसारख्या उंच आवाजात गायचे, त्यांना ते 'आमच्या आत्या' म्हणायचे. भुकेवरचं एखादं गाणं लागलं की मला सांगायचे, "ऐक, रडत नाहीये तो. जेवायला कधी वाढणार, एवढंच विचारतोय."

ते मूळचे रत्नागिरीचे. मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. त्या हुद्द्याच्या माणसाला जहाजावर 'स्पार्क' म्हणतात, ते नाव किनाऱ्यावरही चिकटून राहिलं. नव्वदच्या दशकात जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली आणि मोर्सच्या टिंब-रेघांची कटकट करणाऱ्या माणसाची गरज उरली नाही. साहेब दुबईत उतरले आणि जहाजांना रसद पुरवणाऱ्या एका कंपनीत लागले. बायको आणि मुलगी उषा रत्नागिरीलाच. जमिनीवर त्यांचं कधी जमलं असं मला वाटत नाही. घर तीनदा बदललं, नोकरी दोनदा. दुबई मरीनाचा कालवा खणत होते तेव्हा शुक्रवारी सकाळी मला ओढून तिथे न्यायचे. वाळूत उभे राहून म्हणायचे, "बघ, मी समुद्रातून बाहेर आलो आणि हे समुद्राला आत आणतायत. यल्ला, चल आता." पोचून पाच मिनिटं झालेली नसायची.

मी एका काँट्रॅक्टिंग कंपनीत परचेस बघत होतो. साहेब माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आमच्या घरी दर शुक्रवारी दुपारी सात-आठ मराठी माणसं जेवायला जमायची, हे तुमच्यापैकी निदान काहींना आठवत असेल. तुम्हीच होतात त्यात. हसणं-खिदळणं, मग पत्ते, मग चहा. स्पार्कसाहेबांची चेष्टा हा जेवणातला ठरलेला पदार्थ होता, आणि तो वाढायचं काम बँकेतल्या दिलीपचं.

साहेबांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. सत्तरच्या दशकात त्यांचं जहाज इंजिनच्या एका भागासाठी किंग्स्टनच्या बंदरात अडकून पडलं. तिथे असताना रेडिओवर मुलगी झाल्याचा निरोप आला. निरोप घेणारे तेच आणि ज्यांचा निरोप तेही तेच. स्वतःच्या मुलीचा जन्म त्यांनी कानाला हेडफोन लावून, टिंब-रेघांमधून एकेक अक्षर करत उतरवून घेतला. पत्नीने नावही कळवलं होतं, उषा. त्या आनंदात ते बंदराबाहेर भटकले आणि एका स्टुडिओच्या अंगणात जाऊन पोचले. आत 'सुतार' गात होता. बाटली वाजवणारा माणूस आला नव्हता. साहेबांनी खाचा असलेली एक बाटली उचलली आणि चमच्याने गाण्याच्या मधल्या मोकळ्या जागेत मुलीचं नाव वाजवलं. टोला म्हणजे टिंब, खाचांवरून घासलं की रेघ. जहाज हलायच्या आधी त्या लोकांनी त्यांना त्या गाण्याची एक कच्ची तबकडी दिली. लेबल कोरं पांढरं, वर काही लिहिलेलं नाही.

"म्हणजे हबीबी," दिलीप म्हणायचा, "तुम्ही तर आंतरराष्ट्रीय कलाकार. सही द्या ना एक."

"सही तबकडीत आहे," साहेब म्हणायचे.

आता मला जे सांगायचं आहे ते. ती तबकडी मी ऐकली होती. शारजाच्या त्यांच्या खोलीत, त्यांच्या जुन्या प्लेअरवर, एकदा नव्हे, बऱ्याचदा. ते चालत होते आणि मी पलंगाच्या कडेला बसलो होतो. दुसरं कडवं संपतं, गायक थांबतो, नुसता बास आणि ढोल उरतात. त्या जागेत बाटली येते. दोन टोले, एक घासणं. तीन टोले. चार टोले. एक टोला, एक घासणं. साहेबांनी मला बोटांवर मोजून दाखवलं होतं: यू, एस, एच, ए. त्या संगीतात ठोका नेहमीच्या जागी पडत नाही, जरा मागून पडतो. ती बाटलीही तशीच मागून येत होती, कुणीतरी दारात क्षणभर थांबून मग आत यावं तशी.

पुढे त्यांच्या प्लेअरची सुई तुटली. सीडीचे दिवस होते, देराच्या बाजारातही सुई मिळेना. आणि नेमक्या त्याच सुमाराला एका शुक्रवारी दिलीपने ताणून धरलं. "साहेब, आज पुरावा. नाहीतर हा विषय खलास, परत काढायचा नाही."

साहेब चालता चालता थांबले. "देतो पुरावा," म्हणाले.

माझ्या ऑफिसातल्या फर्नांडिसकडे चांगला प्लेअर होता. तो संध्याकाळी एका हॉटेलात गिटार वाजवायचा. त्याच्याकडे तबकडी वाजवून कॅसेट करायची आणि पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना ऐकवायची, असं मीच सुचवलं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः येऊन तबकडी देऊन गेले. टॉवेलात गुंडाळली होती. "उषाच्या लग्नात तिला द्यायची आहे," म्हणाले. "तिने ऐकलेली नाही अजून. आमच्याकडे तिथे प्लेअर कुठे."

तो ऑगस्ट होता. फर्नांडिसकडे जायला निघालो आणि सोनापूरहून फोन आला. तिथे आमच्या कंपनीचा लेबर कँप होता आणि त्यातल्या एका इमारतीचे एसी बंद पडले होते. मी गाडी तशीच तिकडे वळवली. कामगार बाहेर उभे, मेस्त्री ओरडतोय, दुरुस्तीवाला 'इन्शाल्ला, बाद में' म्हणतोय. या गोंधळात दुपार गेली. माणसांना गरम होतंय म्हणून मी भांडत होतो आणि माझ्या बंद गाडीत, मागच्या सीटवर, टॉवेलात ती तबकडी होती. दुबईत नवा आलेला माणूससुद्धा उन्हाळ्यात गाडीत चॉकलेट ठेवत नाही. मला तिथे राहून कितीतरी वर्षं झाली होती.

परत येऊन टॉवेल उघडला तेव्हा ती तळलेल्या पापडासारखी वाकली होती. घरी नेऊन दोन काचांमध्ये दाबून ठेवली. सकाळी सरळ व्हायच्या ऐवजी कडेला तडा गेला, ती आता वाजणार नव्हती.

त्याच सकाळी दिलीपचा फोन आला. "काय, ऐकलंस का?"

मी म्हणालो, "ऐकलं. तसं काही नाहीये त्यात."

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. पण बोलल्यावर लगेच मनात हिशेब जुळला: ज्यात काही नव्हतंच ती वस्तू बिघडली तर कुणाचं फारसं काय गेलं. दिलीपने संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळवलं. साहेबांना सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. शुक्रवारी ते आले, बूट काढत होते, तेवढ्यात दिलीप म्हणाला, "साहेब, रिपोर्ट आला. निगेटिव्ह." सगळे हसले. तुम्ही हसलात, मीही हसलो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू ऐकलंस ना माझ्याकडे? किती वेळा."

"तेव्हा मला वाटलं होतं खरं," मी म्हणालो. "पण तुम्ही आधी सांगितलं होतंत म्हणून तसं ऐकू आलं असेल. फर्नांडिसकडे नीट ऐकलं. नुसती खडखड आहे."

ते पानावर येऊन बसले. माझी बायको भात घेऊन आली. तिला म्हणाले, "वहिनी, आज आमटी फार छान झालीय." त्यांनी आमटी अजून चाखलीही नव्हती. जेवण झाल्यावर जाताना दारात हळूच विचारलं, "तबकडी?" मी सांगितलं, फर्नांडिसकडेच राहिली आणि तो सुट्टीवर गोव्याला गेलाय. त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांना काय कळलं असेल आणि काय नाही, याचा मी अजूनही अंदाज करत असतो. रात्री झोप येत नाही तेव्हा तर नक्कीच.

त्यानंतर ते शुक्रवारी यायचे बंद झाले. कंपनीकडून फुजैराला बदली मागून घेतली. तिथे मोठी जहाजं बाहेर नांगर टाकून उभी असतात आणि छोट्या बोटीतून त्यांच्यापर्यंत माल पोचवावा लागतो. मी एकदा भेटायला गेलो. धक्क्यावर भेटले, चहा पाजला, माझ्या मुलीची चौकशी केली. गाण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही. नंतर ते रत्नागिरीला परत गेले. तिथेच वारले, हे मला फार उशिरा, तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

आता मी पुण्यात असतो. ती सगळी गाणी हल्ली फोनवर मिळतात. 'सुतार', 'मास्तर', 'आत्या', सगळे. पन्नास वर्षांपूर्वीचे आवाज आणि अजून ताजे. सुताराचं ते गाणंही सापडलं. दुसरं कडवं संपलं, बास आणि ढोल उरले, आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बाटली आलीच नाही. त्यांनी बाजारात आणलं ते वेगळं ध्वनिमुद्रण होतं. मी मिळतील तेवढ्या आवृत्त्या ऐकल्या. कशातच नाही. ती होती फक्त कोऱ्या लेबलवर.

उषाचा नंबर मिळवायला खटपट करावी लागली. तिला सगळं सांगितलं, पापडापासून आमटीपर्यंत. ती म्हणाली, "काका, मला बाबांच्या गोष्टीची कधीच शंका नव्हती. मला कशाला सांगताय? त्या खोलीत जे होते त्यांना सांगा ना."

म्हणून दिलीपला अमेरिकेत फोन केला. तो मुलाकडे असतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, चेष्टा होती ती. आम्हाला कुणाला काय पडलं होतं, खरं की खोटं. ते जाऊ दे, तुझी शुगर कशी आहे?" आणखी दोघांना फोन केले. एकाला आठवेना. दुसरा म्हणाला, "तो थापा मारणारा म्हातारा ना? मजेशीर होता."

तेव्हा लिहायला बसलो. बाकीच्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत, आणि फोनवर माणसं विषय बदलतात. पुराव्यादाखल माझ्याकडे काही नाही. ज्याने एकदा खोटी साक्ष दिली त्याचीच ही दुसरी साक्ष आहे, हेही मला कळतं. तरीही देतो. स्पार्कसाहेब थापा मारत नव्हते. त्या गाण्यात त्यांच्या मुलीचं नाव होतं. मी ते ऐकलं होतं.