राखीव पंप

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात त्याला सगळे 'भविष्यवाले' म्हणत. तीन वर्षं खपून त्याने एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं. कुठलं यंत्र किती भरवशाचं, कधी बंद पडेल आणि पाणी किती वेळ तुटेल, हे ते सांगायचं. त्याचा सगळा आधार बिघाडांच्या जुन्या नोंदींवर. राखीव पंपाच्या नावावर एकही बिघाड नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरने त्याला पहिला नंबर दिला. तो पंप कधी कोणी चालवलाच नव्हता, हे भविष्यवाल्यांच्या ध्यानातही आलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

मग एक दिवस मुख्य पंप बसला. राखीव सुरू केला, तर तो जरासा घरघरला आणि जाम झाला. अर्धं शहर दोन दिवस कोरडं राहिलं. साहेब रागावले नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. मान खाली घालून त्याने नवा नियम लिहायला घेतला: ज्याची तक्रार नाही ते धडधाकट धरायचं नाही, चालवून बघायचं. लिहिता लिहिता त्याला ताई आठवली आणि हात थांबला.

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं ताईच करायची. हा रविवारी फोन करी, ती ठीक म्हणे, की हा पुन्हा आपल्या आकडेमोडीत. गरज पडली तर मी आहेच, असं मात्र दर फोनला न चुकता सांगायचा. बोलायला काय जातं?

रजा टाकून तो घरी गेला. ताई डाव्या हाताने चहा गाळत होती. वडिलांना उचलताना तिचा उजवा खांदा गेला होता, त्यालाही वर्ष झालं. आता तो पहिल्यासारखा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मला बोलली का नाहीस?"

"तू 'सगळं ठीक ना?' असंच विचारायचास," ताई म्हणाली. "त्यावर हो सोडून काय म्हणणार?"

तेव्हाच एकदा येऊन गेलो असतो तर, असं त्याला वाटलं. तू बस, बाबांचं मी बघतो, असं म्हणून तो आत गेला. कूस बदलायची वेळ झाली होती. त्याने बाह्या सावरून वडिलांच्या पाठीखाली हात घातले, पण जोर कुठे लावायचा तेच कळेना. अर्ध्यावर येऊन तो अडकला. वडील कण्हले.

"ताईला बोलाव रे," ते म्हणाले.

ताई चहा तसाच टाकून आली. त्याला बाजूला करून तिने आपला एकच चालता हात वडिलांच्या पाठीखाली सरकवला.