फ्यूज आणि लाल शाई

वीज मंडळाच्या इन्स्पेक्टरने आमचा चिनीमातीचा फ्यूज हातोडीने फोडला आणि तुकडा लाल शाईत बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तुकडा धुऊन पुन्हा मोडला. आतपर्यंत गुलाबी.

"फेल," तो म्हणाला. "शाई शिरते म्हणजे पाणीही शिरणार. पंधरा दिवसांनी येतो. पुन्हा असंच निघालं तर ऑर्डर कॅन्सल."

वसई पूर्वेच्या त्या पॉटरीत मी भट्टीचा सुपरवायझर होतो. सत्तरच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांना कपबश्या पुरवता पुरवता आम्हाला दम लागायचा. पुढे हॉटेलवाले काचेच्या ग्लासात चहा देऊ लागले, घरोघरी स्टील आलं. आजूबाजूच्या पॉटऱ्या एकेक करून बंद पडल्या. शेठनी शेवटचा प्रयत्न म्हणून फ्यूजची ऑर्डर मिळवली होती. चाळीस जणांची नोकरी तिच्यावर होती. माझीही.

"राऊत, मिश्रण चुकलंय. माती बदला," शेठ म्हणाले. मी मिश्रणाच्या प्रमाणांची वही उघडून बसलो.

भुईगावची फिलूबाय आमच्याकडे माल तपासायची. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप बोटाने वाजवून बघायची. ती टेबलापाशी आली.

"साहेब, माती कशाला बदलता? त्याने फोडलेला फ्यूज भट्टीच्या तळच्या थरातला होता. तिथले कपही बद्द वाजतात. मी ते सेकंडच्या, हलक्या मालात टाकते."

"कधीपासून?"

"मी लागले तेव्हापासून."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलेलं. तुमच्या आधीच्या साहेबांना. ते म्हणाले, चहा प्यायला चालतं."

पुरती भाजलेली चिनीमाती खणखणते. कच्ची राहिली की तिच्यात बारीक छिद्रं राहतात आणि ती बद्द वाजते. आमचा तापमापक भट्टीच्या वरच्या अंगाला होता. तळाची उष्णता मीही कधी मोजली नव्हती. पुढच्या भट्टीत तळाशी मातीचे शंकू ठेवले. हे शंकू ठरावीक उष्णतेला वाकतात. वरचे वाकले, तळचे ताठच. मी आच तशीच धरून ठेवली. दोन तासांनी तळचेही वाकले.

इन्स्पेक्टर आला. आम्ही काय बदललं ते ऐकून त्याने मुद्दाम तळच्याच थरातला फ्यूज उचलला. दुसऱ्या दिवशी तुकडा धुऊन मोडला. आत पांढराशुभ्र.

"पास."

शेठ लगेच माल भरायचे खोके मोजू लागले. फिलूबायने क्रुसाची खूण केली आणि पुढचा फ्यूज वाजवायला घेतला. मला त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

फ्यूजवर पॉटरी आणखी सहा वर्षं चालली. तेवढ्या काळात बहुतेकांनी दुसरीकडे नोकऱ्या बघितल्या. माल बिघडला की मी मात्र वही उघडण्याआधी तो हाताळणाऱ्याकडे जाऊ लागलो. वेळ वाचतो.