वाट न विचारता: भोर-वेल्ह्याचे दोन दिवस

ओरिएंटिअरिंगचा संघ माझ्या गळ्यात पडला तो केवळ त्यात नकाशा असतो म्हणून. खेळाचे सर म्हणाले, "नकाशा म्हणजे तुमचा प्रांत." मी म्हटलं, "अहो, पळायचंही असतं त्यात." तर म्हणे, "पळतील की मुलं." बावीस वर्षं फळ्यावर समोच्चरेषा काढणारी भूगोलाची बाई यावर काय बोलणार? खरं सांगायचं तर मला आतून जरा गुदगुल्याच झाल्या. एकदाची आपल्या विषयाला किंमत आली, असं वाटलं.

खेळ सोपा आहे, म्हणजे सांगायला. हातात एक बारकाव्यांचा नकाशा आणि होकायंत्र. रानात ठिकठिकाणी नारंगी-पांढऱ्या कापडाची निशाणं टांगलेली असतात. ती दिलेल्या क्रमानं शोधायची, तिथल्या चिमट्यानं आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि कमीत कमी वेळात परत यायचं. मोबाईल चालत नाही. कुणाला विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.

हा खेळ मुलांना कळावा म्हणून यंदा काही शाळांनी मिळून एक लीग सुरू केली. तीन फेऱ्या, त्यातली शेवटची वेल्ह्याला. तीनपैकी एक तरी फेरी पूर्ण केली तरच पुढच्या वर्षी संघात जागा, असा नियम. माझ्या सहा मुलांपैकी पाच जणांनी ती अट केव्हाच पूर्ण केली होती. राहिली होती आठवीतली ईश्वरी. पहिल्या फेरीत ती पुण्यातल्याच टेकडीवर हरवली आणि एका स्वयंसेवकाचं बोट धरून परत आली. दुसऱ्या फेरीत चांगली चालली होती, पण एका वळणावर गोंधळलेली दिसली. मला राहवलं नाही. झाडामागून मी "डावीकडे, डावीकडे" केलं. माझं कुजबुजणं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणारं. पंचांनी ऐकलं आणि तिचं कार्ड बाद केलं. घरी जाताना ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "मॅडम, वेल्ह्याला पण नाही जमलं तर मी खेळ सोडते." चूक माझी, आणि शिक्षा तिला.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. आधी भोर, कारण तिथे सराव आणि मुक्काम होता. टेम्पो ट्रॅव्हलर चालवायला रशीदभाई, मूळचे भोरचेच. मी पुढच्या सीटवर, मांडीवर तालुक्याचा नकाशा. मुलांना म्हटलं, "मोबाईल बघायचा नाही. मी सांगते रस्ता." टोलनाका गेला, वरवे गेलं, आणि नसरापूरचा फाटा दिसताच मी आत्मविश्वासानं हात केला, "इथून वळवा." रशीदभाईंनी निमूटपणे गाडी वळवली. पुष्कळ आत गेल्यावर मला पाटी दिसली. त्यावर वेल्हे होतं, भोर नव्हतं.

"रशीदभाई, हा भोरचा रस्ता नाही का?"

"न्हाई बाई. भोरचा फाटा फुडं, कापूरहोळला."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हनलं, बाई भूगोलाच्या हायेत. दुसरी वाट ठावं आसंल."

मागच्या सीटवर जे हसू फुटलं ते कापूरहोळपर्यंत थांबलं नाही. तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: पुण्याहून येताना आधी नसरापूर फाटा, तो वेल्ह्याचा, आणि त्यापुढे कापूरहोळ, तो भोरचा. कापूरहोळला मिसळ खाऊन घ्या. तर्री वेगळी मागा, नाहीतर माझ्यासारखे तीन ग्लास ताक प्याल.

भोरला एका मंगल कार्यालयात उतरलो. गाद्या स्वच्छ होत्या आणि पाणी बर्फासारखं. दुपारी गावाबाहेरच्या माळावर सराव झाला. लीगतर्फे आलेल्या तरुण प्रशिक्षकानं पावलं मोजायला शिकवलं. शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात ते आधी ठरवायचं आणि मग रानात मोजत चालायचं, म्हणजे आपण किती आलो ते कळतं. ईश्वरी तो शंभर मीटरचा पट्टा पुन्हा पुन्हा चालत होती. ओठ हलत होते, चेहरा गंभीर. मी दोनदा चालले. एकदा अठ्ठ्याहत्तर आली, एकदा एकशेचार. मी म्हटलं, ज्याला नकाशा वाचता येतो त्याला ही मोजणी कशाला हवी? आणि कडेला सावलीत जाऊन बसले.

रविवारी परत कापूरहोळला येऊन नसरापूरमार्गे वेल्हे गाठलं. दीड तास धरा. या वेळी मी मागे बसले आणि रशीदभाईंना काहीही सांगितलं नाही. दिवाळी नुकतीच सरलेली. भाताची खाचरं रिकामी झाली होती, डोंगरउतारावर गवत कमरेएवढं आणि पिवळंधमक. समोर तोरणा असा की मान वर केली तरी पुरत नाही. एसटी येते, पण मोजक्या वेळा, तेव्हा परतीची वेळ स्टँडवर विचारूनच ठेवा. बाजारात चहा-भजी मिळतात. पायात लांब मोजे घाला, कुसळं टोचतात.

मुलांच्या आधी शिक्षकांची एक छोटी फेरी ठेवली होती, आम्हालाही खेळ कळावा म्हणून. माझी मुलं एका सुरात म्हणाली, "मॅडम, तुम्ही जाच." गेले. पहिली दोन निशाणं सापडली, कारण पुढे दुसऱ्या एका शाळेचे सर चालले होते. ते दिसेनासे झाले आणि माझा भूगोल संपला. तिसरं निशाण होतं डोंगराच्या एका सोंडेपलीकडच्या, वाटेतल्या दुसऱ्या ओढ्यात. मी ओढे मोजत चालले. एक झाला, दुसरा झाला, म्हणजे आता उजवीकडे वर चढायचं, असा माझा ठाम निष्कर्ष. चढले, उतरले, पुन्हा चढले. निशाण नाही. अर्ध्या तासात माझी वेळ संपली, मुलांची फेरी सुरू झाली, आणि मी त्याच ओढ्याकाठी कमरेवर हात ठेवून उभी.

तिथे एक बाई गवत कापत होत्या. हिराबाई नाव, नंतर कळलं. मी दिसताच विळा थांबवून म्हणाल्या, "तुमी बी त्या खेळातल्या? काल लोकं आली हुती. म्हनली, पोरं वाट चुकली तरी सांगायचं न्हाई. आवो, चुकल्या मानसाला वाट दावायची न्हाई, ह्यो कसला खेळ? मंग मानसं कशाला हायेत हितं?"

तेवढ्यात खालून गवत सळसळलं आणि ईश्वरी वर आली. घामाघूम, नकाशा नाकाशी धरलेला. ओढ्यापाशी ती थांबली. तिलाही तेच निशाण शोधायचं होतं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग ती सरळ पुढे, सोंडेच्या दिशेनं वळली.

चुकली, मी मनात म्हटलं. अगं, दुसरा ओढा हाच, इथूनच वर! पोरीची शेवटची संधी. आजूबाजूला पंच नाही, कुणी नाही. मी तोंड उघडलं, "ईश्..."

"बाई, गप ऱ्हावा." हिराबाईंनी विळा माझ्या दिशेनं रोखला होता. आवाज हळू, पण असा की मी जागच्या जागी गप्प झाले. "सकाळधरनं म्या तोंड दाबून ऱ्हायलीया. आन् तुमी बाई आसून बोलाय लागल्या व्हय?"

ईश्वरीनं वळून आमच्याकडे पाहिलं. क्षणभरच. आणि ती सोंड चढून दिसेनाशी झाली.

मी हिराबाईंवर चिडले होते, हे कबूल करते. म्हटलं, "ती चुकीच्या बाजूला गेली हो."

"न्हाई ओ, बराबर गेली. ती नारंगी पिशवी पलीकडच्या वढ्याला हाय. तुमीच मगाधरनं हितं फिरताय." मग विळा खाली ठेवून त्यांनी मला हातानं वाट दाखवली. "तुमाला सांगितलं तर चालतंय. तुमचा येळ कवाच गेला आसंल."

पहिला ओढा म्हणून मी जो मोजला होता तो ओढा नव्हताच, बैलगाडीची जुनी चाकोरी होती. नकाशात ती स्वच्छ तुटक रेषेनं दाखवलेली.

ईश्वरी सगळी निशाणं करून आली. खालून चौथी, पण कार्डावर सगळी भोकं. मी पोचले तेव्हा कर्ण्यावरून माझं नाव पुकारत होते, हरवलेल्यांच्या यादीत. माझ्याच मुलांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर ईश्वरी माझ्याशेजारी येऊन बसली. "मॅडम, तुम्ही मला तिथं पाहिलं ना? तरी या वेळी काही बोलला नाहीत. मला तेव्हा कळलं की तुम्हाला माझी खात्री आहे." मी "हो" म्हटलं. पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

घरी येऊन मोज्यांतली कुसळं काढली, पाय शेकले, पण ते "हो" काही निघेना. सोमवारी शाळेत आणखी भर पडली. ईश्वरीनं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि मुख्याध्यापिका बाईंनी शिक्षकांच्या खोलीत माझ्या संयमाचं कौतुक केलं. संयमाचं! मी चहा तसाच ठेवून वर्गावर गेले.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. नकाशा उघडला आणि सगळं सांगितलं. मी कुठे उभी होते, मला कुठे उभी आहे असं वाटत होतं, मी तोंड उघडलं होतं, विळा, हिराबाई, सगळं. "मी बोलले असते ना ईश्वरी, तर तू या वेळीही चुकली असतीस. माझ्यामुळे."

ती नकाशावर वाकली. मग तिनं ती थांबली होती त्या ओढ्याकाठच्या जागेवर बोट ठेवलं.

"नसते चुकले, मॅडम. इथपर्यंत माझी पावलं बरोबर आली होती. तुम्ही सांगितलं असतंत ना, तरी मी ऐकलं नसतं."

मला आधी रागच आला. बावीस वर्षांची सवय, लगेच कशी जाईल? मग एकदम इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि मी मान खाली घालून पुढच्या वर्षीच्या संघाच्या यादीत पहिलं नाव तिचं लिहिलं.