मधल्या तारेचा आवाज

कळमेश्वरच्या कारखान्यात नोकरी कशी लागली, असं कुणी विचारलं की मी गेली वीस वर्षं एकच उत्तर देत आलो : बॉल बॅडमिंटनमुळे. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही, आणि उरलेलं मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. सक्करदऱ्याला तलावाच्या अंगाला आमचं मैदान होतं. जाळीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच जण, आणि लोकरीचा पिवळा चेंडू, मोठ्या लिंबाएवढा. चेंडू हलका, त्यामुळे तलावाकडून वारा सुटला की भलेभले वैतागायचे. माझा एक मित्र मात्र खूश व्हायचा. तो मूळचा कुहीचा, मामाकडे शिकायला आलेला, माझ्याच वयाचा. गावी धानगिरणीच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत एकटाच शिकला होता. अठराव्या वर्षी विदर्भात त्याच्या तोडीचा कुणी राहिला नव्हता.

मी जोरात मारणारा. तो थांबणारा. चेंडू गुडघ्याखाली उतरेपर्यंत हलायचाच नाही. बघणाऱ्याला वाटायचं, गेला हा. मग मनगट जरासं वळायचं आणि चेंडू वाऱ्यावर तिरका तरंगत जाळीपलीकडे, जिथे कुणीच नाही तिथे पडायचा.

"अबे, तू खेळून राहिला का झोपून राहिला?" जुने खेळाडू ओरडायचे.

"बॉलले मारायचं नसते काका, बसवायचं असते," तो हसत म्हणायचा.

महालात आमचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं आणि रॅकेटींना तारा भरायचं काम वडिलांनी मला शिकवलं होतं. त्याची रॅकेट एकच. ती मीच विणायचो, त्याच्या हाताला लागते तशी, जरा सैल. आतड्याच्या तारा त्या. दमट हवेत फुगतात, मग सुटी सुटी कुसळं निघतात. म्हणून सामन्याआधी तो रॅकेट माझ्यासमोर धरायचा. "ऐक बरं." मी ती कानाशी नेऊन मधल्या तारा नखानं छेडायचो. टणकन वाजली की म्हणायचो, "जा." मी "जा" म्हटल्याशिवाय तो मैदानात पाऊल ठेवत नसे. पोरं चिडवायची, "आला डॉक्टर, नाडी पाहून राहिला!" त्या चिडवण्याचा मला अभिमान होता.

त्या हिवाळ्यात कारखान्यानं आपला संघ बांधायला घेतला. आमच्या मैदानातून एकच जण घेणार, आणि ज्याला घेणार त्याला पक्की नोकरी. त्याच्यासाठी ते सगळंच होतं. मामाच्या घरात त्याची वर्षं संपत आली होती. मला निदान दुकान होतं. पण दुकानात वडिलांच्या हाताखाली जन्म काढायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर, एकदा तरी माझं नाव त्याच्या आधी घेतलं जावं असं मला फार वाटत होतं.

निवडीच्या सकाळी आम्हा दोघांना समोरासमोरच्या संघांत घातलं. तो आला, रॅकेट धरली. "ऐक बरं."

मी छेडली. टण नाही, ठप. पाहिलं तर मधोमध एका तारेचे पदर उसवले होते. नीट करायला तासभर हवा होता, हातात पंधरा मिनिटं. पण माझ्या पिशवीत दुसरी रॅकेट होती. ती तेव्हाच दिली असती, तर दहा मिनिटं तिच्यावर हात बसवून त्यानं निभावून नेलं असतं. मला सगळं एका क्षणात कळलं. मी म्हणालो, "जा."

तार तुटली ती आमचे संघ बरोबरीत असताना. एक तुटली की रॅकेटची सगळी जाळी लोंबते. तो गोंधळून रॅकेटकडे बघत राहिला. तेव्हा मी धावत जाऊन माझी दुसरी रॅकेट त्याच्या हातात दिली. टाळ्या पडल्या. कारखान्याचे साहेब शेजारच्याला म्हणाले, "समोरच्या संघातला पोरगा असून रॅकेट देतो, पाहा!" आणि तो, कपाळाचा घाम पुसत, मला म्हणाला, "तू होता म्हणून गा."

ती रॅकेट मी माझ्यासाठी विणलेली, ताठ. त्याचा सगळा खेळ मनगटाच्या त्या जरासं वळण्यावर. ताठ तारांवरून चेंडू नुसता उडत गेला. एक बाहेर, दुसरा बाहेर, तिसरा बाहेर. वारा तोच होता, पण त्याला काही चेंडू आवरेना. साहेबांनी माझा हात हातात घेतला, "खेळाडू असा पाहिजे" म्हणाले. त्या हातानंच मी नोकरीच्या कागदावर सही केली.

तो कुहीला परत गेला, धानगिरणीतच लागला. वर्षा-दोन वर्षांनी भेटायचा, तेव्हा कुणी सोबत असलं की आवर्जून सांगायचा, "यानं मले आपली रॅकेट देल्ली होती." मी विषय बदलायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

गेल्या महिन्यात तो दुकानात आला. वडील गेल्यापासून रविवारी मी बसतो. सोबत त्याची मुलगी, चौदाएक वर्षांची, दुसऱ्या दिवशी तिचा शाळेचा सामना. त्यानं तिची रॅकेट माझ्यासमोर धरली.

"ऐक बरं."

मी छेडली. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तार बरी होती, जराशी झिजलेली. एखादा सामना सहज निघाला असता.

"मधली झिजली आहे," मी म्हणालो. "बदलतो."

"चालून जाईन ना एक दिवस?"

"चालेल. पण बदलतो." आणि मग, मान वर न करता, "त्या दिवशीही झिजली होती. मला दिसली होती. तरी मी तुला जा म्हणालो."

कोणत्या दिवशी, असं त्यानं विचारलं नाही. मुलगीच म्हणाली, "कोणत्या दिवशी, बाबा?" त्यानं तिला बाहेर भिंतीवर चेंडू मारायला पाठवलं.

"किती वेळ लागन?" तो म्हणाला.

"तासभर."

"बसतो मंग."

तो स्टुलावर बसून राहिला. मी तार ओढत होतो, बाहेर चेंडू भिंतीवर आपटत होता. काही तरी बोल, दोन शिव्या दे, असं मला सारखं वाटत होतं. काम झालं तशी मी मधली तार छेडली. टणकन वाजली. "जा" म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं रॅकेट माझ्या हातातून घेतली, स्वतःच्या कानाशी नेली आणि अंगठ्याच्या नखानं एकेक तार वाजवून पाहिली.