‘नाका’ म्हणायची शिकवणी

आमच्या घरमालकांएवढा सुरक्षिततेचा उघड वैरी अख्ख्या डिचोली तालुक्यात दुसरा नसेल, असं आमच्या संस्थेच्या कार्यालयाचं ठाम मत आहे. माणसं सांभाळायची कशी, हे मी ज्यांच्याकडे बघून शिकले त्यांत ते पहिले, असं माझं मत आहे. दोन्ही मतं एकाच माणसाबद्दल कशी खरी असू शकतात, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं आमोण्याला येऊन त्यांच्या सोप्यावर एक संध्याकाळ बसावं. चहा मिळेल. बोलणीही बसतील.

नदीकडच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, त्यांचं घर. मागच्या दोन खोल्यांत ते एकटे राहतात आणि पुढचं घर त्यांनी आमच्या संस्थेला भाड्यानं दिलंय. तिथे चार पुरुष राहतात, सगळे तिशी ओलांडलेले. एखादी गोष्ट शिकायला, समजायला त्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पण स्वयंपाक, कपडे, बाजार असा आपला संसार ते स्वतः चालवतात आणि जिथे अडतं तिथे हात द्यायला मी असते. मी पेडण्याकडच्या खेड्यातली, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. धोका आधी ओळखायचा, मग टाळायचा, असं माझ्या शिक्षकांनी मला जीव तोडून शिकवलं. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. त्या शिक्षणाला जागून मी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातली विळी कपाटात कुलूपबंद केली.

दुपारी घरमालक दारात उभे. “आडोळी खंय गेली गो बाय?”

मी म्हटलं, “मामा, त्यांना लागेल.”

“लागतली. तुका केन्ना लागूंक ना?” असं म्हणून त्यांनी विळी बाहेर काढायला लावली, उल्हासला पाटावर बसवलं आणि त्याच्या हातात अर्धा नारळ दिला. उल्हास म्हणजे आमच्या चौघांतला सगळ्यात आडदांड आणि सगळ्यात हळवा. व्हायचं तेच झालं, त्याचं बोट खरचटलं. मी औषधाची पेटी आणायला धावले, तर मामांनी बोटावर चिमूटभर हळद दाबली आणि म्हणाले, “आतां उरिल्लो नाल्ल खरवडून काड. ना जाल्यार आमटेंत कितें घालतली तुजी बाय?” त्या दिवशीच्या आमटीत जे खोबरं होतं त्याच्याबद्दल उल्हास अजून बोलतो.

मामांचं सगळं आयुष्य फेरीबोटीवर गेलं. फेरी गेली, पूल आला, मामा निवृत्त झाले. पण त्यांच्या अंगातली फेरी काही उतरली नाही. अंगणात कुणी स्कूटर आणली, तरी हे सोप्यावरून हात हलवत “येवंदी... येवंदी... दाव्यान घे... बस्स!” म्हणून ती लावून घेतात. आमचे कार्यालयातले साहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची गाडी मामांनी अशी काही वळवून घेतली, की ती थेट तुळशीपाशी जाऊन थांबली आणि पुन्हा बाहेर काढायला अर्धा वाडा जमला. “बोट जाल्यार बरोबर लागिल्ली,” असं मामांनी त्यावर स्पष्टीकरण दिलं.

पाहुण्यांशी तर त्यांचं कायमचं युद्ध. एकदा शहरातून काही भली मंडळी उल्हासचा वाढदिवस साजरा करायला आली. सोबत फुगे, कागदी टोप्या, आणि चाळिशीकडे झुकलेल्या माणसाशी बोलताना काढतात तो खास बोबडा आवाज. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग फुग्यांचा गुच्छ वर धरून विचारलं, “हाचें कितें करपाचें? ह्या बाब्याक दाडी आसा. ती काडपाक ब्लेडां हाडिल्लीं जाल्यार उपकारां पडिल्लीं.” मंडळी खजील झाली, पण पुढच्या वर्षी खरंच ब्लेडचं पाकीट घेऊन आली. मामांनी त्यांना जेवायला बसवलं.

नवीन माणूस घरात राहायला आला की मामा त्याला वाड्यावर फिरवतात. किराणा दुकान, देऊळ, बसथांबा, सायकलवरून पाव, उंडे विकणारा पोदेर. ओळख करून देण्याची त्यांची रीतही उलटीच. “ह्याका सांबाळ” असं ते कुणालाही सांगत नाहीत. पोदेराला सांगतात, “हो उल्हास. ह्याका उंडे जाय. उलयता सवकास, तूं रावपाक शीक.” म्हणजे उल्हासला उंडे हवेत, आणि तो हळू बोलतो तर थांबायला शिकायचं ते पोदेरानं. आणि दुकानदारानं प्रेमानं एखादी गोळी पुढे केली की त्याच्यावरच ओरडतात, “फुकट दिवं नाका! फुकट घेवपाची संवय लागली, की फाल्यां कोणाच्याय फाटल्यान वतलो.” दुकानदार बिचारा हिरमुसतो. पण आमच्यासारख्या घरांत राहणाऱ्यांना फसवणारा माणूस गोळीपासूनच सुरुवात करतो, हे मी पुस्तकांतही वाचलं होतं.

त्यातूनच ती ‘नाका’, म्हणजे ‘नको’, म्हणायची शिकवणी निघाली. रोज दिवेलागणीच्या आधी चौघांना सोप्यावर बसवायचं आणि मामांनी फसवणारा माणूस व्हायचं. डोक्याला टॉवेल गुंडाळून, एक डोळा बारीक करून ते अंगणातून येत. “चल रे, गाडयेंत बस. तुका मोरजे व्हरतां, दर्या दाखयतां. आयस्क्रीम दितां.”

“नाका!” चौघं ओरडत.

“मोबायल दितां.”

“नाका! हांव तुका वळखना!”

“व्हड्यान! पुला पलतडीं आयकूंक येवंक जाय!”

आणि नदीपलीकडे ऐकू जाईल असा नकार मिळाला, की फसवणारा माणूस आनंदानं टाळ्या वाजवी. या शिकवणीचे परिणाम काही काळ आम्हाला जड गेले. उल्हासनं दाताच्या डॉक्टरला नकार दिला. देवळात भटजींनी तीर्थासाठी पळी पुढे केली, तर तिलाही नकार दिला. साहेबांनी एका समारंभात त्याच्या गळ्यात हार घालायचा प्रयत्न केला, तेव्हा “हांव तुका वळखना” हे वाक्य ध्वनिक्षेपकावरून सगळ्या पंचक्रोशीनं ऐकलं. मामा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. हसून, असं तेव्हा मला वाटलं.

मग ती चवथ आली. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे घुमट, शामेळ, कासाळी अशी वाद्यं घेऊन आरतीवाले घरोघरी जातात. आमच्या घरची आरती झाली, माणसं पुढच्या घरी गेली आणि थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं, की उल्हास घरात नाही. वाड्यावर विचारलं. जो तो म्हणे, आत्ता तर इथे होता. तिन्हीसांज होत आली होती. मी देवळापर्यंत धावले, बसथांब्यावर गेले आणि शेवटी फेरीच्या जुन्या धक्क्याकडे वळले.

धक्क्याच्या उतारावर, गुडघाभर पाण्यात मामा उभे होते. धोतर भिजलेलं. ते हाका मारत नव्हते, काही करत नव्हते, नुसतं पाण्याकडे बघत होते. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, “हांगच्यान हांवें कितलीं जाणां भायर काडल्यांत, बाय.” बुडालेल्या माणसांबद्दल बोलत होते ते; मी त्यांचा हात धरून त्यांना पाण्याबाहेर आणलं.

उल्हास पलीकडच्या वाड्यावर सापडला. आरतीवाल्यांबरोबर घरामागून घर करत तो तिथे पोचला होता आणि जीव खाऊन कासाळी वाजवत होता. ज्या घरी गेला त्या घरी सगळे त्याला ओळखत होते. म्हणूनच कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी घरी सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले आणि पर्वरीहून उल्हासची थोरली बहीण आली. आईवडलांच्या माघारी तिनंच त्याला वाढवलं होतं. साहेब आमचे कोल्हापूरकडचे, मनानं चांगले. ते म्हणाले, “मामा, फाटकाला कुलूप लावू या. किल्ली बाईंकडे राहील. काल नदीवर काही झालं असतं, तर उत्तर कोण देणार होतं?”

“म्हज्या घराक भायल्यान कुलूप लागचें ना,” मामा म्हणाले. “फेरींत मनशांक दोरयेन बांदिनात. तांचेर नदर दवरून रावतात. कुलूप लावपाचें जाल्यार पयलीं माका भायर काडात.”

“तुमकां उलोवपाक सोपें,” बहीण म्हणाली. “माका तो जिवो जाय. मेकळो नाका, शाणो नाका, जिवो जाय. कुलूप लायनात जाल्यार हांव ताका म्हज्या घरा व्हरतां.”

मी मध्ये पडून म्हटलं, की ताई, तुमच्या फ्लॅटला कुलूप असेल, पण तिथे त्याला ओळखणारं एकही दार नसेल. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती उल्हासकडे वळली, त्याचा हात धरला आणि म्हणाली, “चल बाबू, गाडयेंत बस. वाटेर तुका आयस्क्रीम दितां.”

उल्हास ताडकन उभा राहिला. छाती भरून घेतली आणि पुलापलीकडे जाईल अशा आवाजात ओरडला, “नाका! हांव तुका वळखना!”

कुणी हसलं नाही. बहीण मटकन सोप्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. साहेब तुळशीकडे बघत राहिले. मामांचा चेहरा असा उतरला, की मला त्यांच्याकडे बघवेना. जिंकायला निघालेला माणूस होता तो, आणि त्याचीच शिकवणी त्याच्या डोळ्यांदेखत एका सख्ख्या बहिणीला जाऊन लागली होती. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. “चूक म्हजी, बाय. पर्क्यांक नाका म्हणपाक शिकयलें. आपल्यांक कितें म्हणपाचें, तें शिकोवंक विसरलों.”

उल्हास मात्र बहिणीच्या रडण्याकडे टक लावून बघत होता. मग तो आत गेला आणि कदेल घेऊन आला. आमच्याकडे खुर्चीला कदेल म्हणतात. ती त्यानं तिच्यासमोर ठेवली. “तूं हांगा राव,” तो म्हणाला. “म्हज्या घरा. चवथ आसा. जेवून वच.”

ती राहिली. आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या घरी पाहुणी म्हणून राहिली. त्यानं खोबरं खरवडलं, ती बघत होती. हात पुढे करत होती आणि मागे घेत होती. जेवणं झाल्यावर कुलपाबद्दल कुणी बोललं नाही. शेवटी निघताना तीच म्हणाली, “खंय वतलो तें सांगून वचूं दी. इतलें तरी.” उल्हासला ते पटलं. आता तो कुठेही निघाला, की मामांच्या खिडकीशी उभा राहून जागेचं नाव ओरडतो, अगदी न्हाणीघरात जायचं असलं तरी. आरतीवाल्यांनीही ठरवून टाकलं, की एक घर पुढे गेलं की आम्हाला फोन करायचा. आणि शिकवणी मी बदलली. आता प्रत्येकानं आधी आपली माणसं सांगायची, ज्यांच्याबरोबर जायला हरकत नाही अशी. आणि मग नकार. उल्हासच्या माणसांत बहिणीचं नाव सगळ्यात आधी येतं. ती दर रविवारी येते आणि कधीकधी मामांनी टॉवेल गुंडाळायच्या आधीच ती गुंडाळून अंगणातून येते. फसवणारी म्हणून ती मामांपेक्षा सरस आहे, असं चौघांचं मत पडलंय.

मामांना आता डोळ्यांनी कमी दिसतं. फाटक अजून उघडंच असतं. कार्यालयातून दर काही महिन्यांनी कुलपाची आठवण येते, आणि मामा दर वेळी त्याच आवाजात नकार देतात. पण मला आता ठाऊक आहे, की संध्याकाळी सगळे घरी येईपर्यंत ते सोप्यावरून उठत नाहीत. वारा घेतोय म्हणतात. इतकी वर्षं, आम्हाला कुणालाही भिऊ न देणारा हा माणूस, आमच्या सगळ्यांच्या वाटचं एकटाच भीत बसत होता.

हल्ली मीही शेजारी बसते. बाजारात गेलेला उल्हास यायचा असतो. रस्त्यावरून कुणी चालत आलं, की मामा मान वळवतात.

“आयलो गो?”

“अजून ना, मामा.”

“येतलो,” ते म्हणतात, आणि कदेल थोडी आणखी रस्त्याकडे वळवून घेतात.