काकूंच्या अडेनियमला मी घातलेलं पाणी

माझ्या हाताला गुण आहे, असं मीच आजवर सगळ्यांना सांगत आले. जास्वंद, कढीपत्ता, मनीप्लांट, जे लावलं ते आलं. त्यामुळे समोरच्या काकू गणपतीला गावी निघाल्या आणि घराच्या किल्लीबरोबर त्यांनी आपलं अडेनियमही माझ्याकडे सोपवलं, तेव्हा मी मनातल्या मनात फुशारले. बोरिवलीच्या आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, पण काकू माझ्याच दाराशी आल्या होत्या.

अडेनियम हे कोरड्या, खडकाळ मुलखातलं झाड. फुगलेल्या बुंध्यात पाणी साठवून ठेवतं, वर मोजकी पानं आणि गुलाबी फुलं. काकूंचं झाड काकांनी आणलेलं. गिरणीतली नोकरी सुटल्यावर काका चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमन होते. तिथल्या कुठल्याशा ऑफिसनं मेलं म्हणून टाकून दिलेलं हे झाड त्यांनी पिशवीत घालून घरी आणलं आणि जगवलं. काका गेल्यावर काकू सकाळी चहा पिताना त्या कुंडीशी बोलायच्या. मधला पॅसेज एवढासा, मला ऐकू यायचं.

"पाऊस लागता नये, आत खिडकीशी ठेव," काकू म्हणाल्या. "आणि पाणी एक थेंब घालू नको गो. मी नवरात्र करून येतंय. तोवर ता मरूचा नाय."

"काकू, तुम्ही बिनधास्त जा," मी म्हटलं.

आमच्याकडे देवांच्या आंघोळीचं पाणी मोरीत ओतत नाहीत, तुळशीला घालतात. त्या पावसाळ्यात आमची तुळस गेली होती. ऑफिसला निघायची घाई, हातात ताम्हणातलं वाटीभर पाणी आणि समोर खिडकीशी ती कुंडी. थेंबही घालायचा नाही, हे मला पाठ होतं. पण देवाचं पाणी घालणं म्हणजे काही झाडाला पाणी घालणं नव्हे, अशी माझी समजूत. आणि त्यानं कुणाचं वाईट कसं होईल? रोज सकाळी वाटीभर घालत राहिले.

पंधराएक दिवसांत पानं पिवळी पडू लागली. मला वाटलं, तहानलंय, म्हणून संध्याकाळीही घालू लागले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

दर दोन-चार दिवसांनी काकूंचा फोन यायचा. पावसाचं, गुडघ्यांचं सांगून झालं की विचारायच्या, "झाड बरा आसा मां?"

"झकास आहे," मी म्हणायचे. समोरची पिवळी पानं बघत म्हणायचे. हातगुणाची एवढी टिमकी वाजवल्यावर दुसरं काही बोलायला जीभ वळेना.

एके दिवशी बुंधा अंगठ्यानं दाबून पाहिला, तर तो फार पिकलेल्या चिकूसारखा आत गेला. वास आला. आमच्या कचऱ्याच्या डब्यात कुणीतरी ओळखेल, म्हणून काळ्या पिशवीत घालून रिक्षानं मालाडपर्यंत नेलं आणि तिथल्या कचराकुंडीत टाकलं. येताना नर्सरीतून तेवढ्याच उंचीचं, गुलाबी फुलांचं अडेनियम आणलं आणि काकांच्या कुंडीत लावलं. चोर करतो तसंच सगळं, पण किती नीटनेटकं.

काकू माझ्यासाठी आमसुलं घेऊन आल्या. कुंडी एकदा फिरवून पाहिली, बुंध्यावर अंगठा ठेवला. "वाढला गो," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्या निःश्वासाचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

दिवाळीनंतर खालच्या मजल्यावरच्या बाईंचं अडेनियम मऊ पडलं. काकूंनी ते उपटलं, कुजकं कापून टाकलं, हळद भरली आणि आठ दिवस सावलीत उलटं टांगून पुन्हा लावलं. जगलं. "येळेवर सांगलास म्हणून," काकू त्यांना म्हणाल्या. मी शेजारी चहा घेऊन उभी होते. म्हणजे झाड पाण्यानं मेलंच नव्हतं. ते माझ्या 'झकास'नं मेलं होतं.

तरीही वर्षभर मी गप्पच राहिले. यंदा गणपतीच्या आधी काकू पुन्हा दाराशी आल्या. हातात किल्ली, काखेत कुंडी.

"ह्या वर्षी तेका पाणी घाल हां," त्या अगदी सहज म्हणाल्या. "नर्सरीतला झाड ता. तेका सवय आसा."

माफी मागायला म्हणून तोंड उघडलं, पण "हो काकू" एवढंच बाहेर पडलं. त्या जिना उतरल्या. कुंडी खिडकीशी ठेवताना माझ्या लक्षात आलं, की वर्षभर सकाळी त्यांच्या घरातून बोलण्याचा आवाज आलेला नाही.